लोखंडाचा मासा

माझ्या थोरल्याचं, पिसेतचं, लग्न झालं त्या वर्षी मी मेकाँगकाठच्या आमच्या दवाखान्यात रांगेत बसलो होतो. पुढे आमच्याच गावच्या सारोमबाई आणि त्यांची गरोदर सून चान्तू बसल्या होत्या.

“आई, रक्त पुन्हा कमीच निघालं. असंच राहिलं तर बाळंतपण जिवावर बेतेल म्हणतात.”

“असं कसं? घरात लोखंडाचा मासा आणलाय ना!”

“तुम्ही तो बुद्धाशेजारी ठेवलाय.”

“मग? नशिबाचा मासा तो. रोज उदबत्ती लावते, केळं ठेवते.”

“तो रश्श्यात उकळायचा असतो. त्याचं लोखंड माझ्या पोटात जायला हवं.”

“अगं, त्याच्यामुळे तुझ्या सासऱ्यांना सोडत लागली!”

“साबण मिळाला, आई.”

“वासाचा होता!”

“नर्सबाई म्हणाल्या, उकळताना लिंबूही पिळायचं.”

“बाई गं! झोंबेल की!”

“लोखंडाला?”

“मला, बघताना.”

“मग तुम्ही बाहेर बसा.”

“बसते. पण आधी त्याची माफी माग. आणि माझ्या वाटीत वाढू नकोस, मी त्याला नमस्कार केलाय.”

चान्तूला मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या. सारोमबाई नऊ वर्षांनी, पितरांच्या पंधरवड्यात, म्हातारपणाने वारल्या.