टिकलीगणिक एक गाठ

सन्माननीय अध्यक्ष वकीलसाहेब, आमच्या नाट्यमंडळीचे चालक आणि आजच्या समारंभाचे योजक रुद्रप्पाअण्णा, व्यासपीठावरील थोर पाहुणे, चिकाच्या पडद्याआड बसलेल्या माताभगिनी आणि सोलापूरच्या रसिक सज्जनहो,

नटाला दुसऱ्यानं लिहिलेलं बोलायची सवय असते. आजचं भाषणही अण्णांनीच लिहून माझ्या हातात दिलं आहे. अक्षर सुरेख आहे. त्यात म्हटलंय, की मंडळीच्या पोशाखांवर जरीटिकलीचं काम करणाऱ्या गुलबानोचाची 'वाढतं वय आणि मंदावलेली दृष्टी यांमुळे' निवृत्त होत आहेत, आणि मंडळी त्यांना जड अंतःकरणानं निरोप देत आहे. हा कागद मी घडी करून खिशात ठेवतो. अध्यक्षमहाराज, मला दहा मिनिटं दिली आहेत ना? मग ती माझ्याच शब्दांत बोलू द्या.

पहिला प्रश्न असा, की सत्कार कुणाचा आहे? या मधल्या खुर्चीवर आमच्या मिसरी नाचाचा पोशाख बसवला आहे. त्याला हारही घातला आहे. आणि तो जिनं सजवला ती बाई पडद्याआड, शेवटच्या रांगेत, दाराशी जाजमावर बसली आहे. कापडाला खुर्ची आणि हाताला जाजम! ही कुठली रीत, अण्णा?

माझा आवाज चढतोय, हे मला कळतंय. चढू द्या.

ज्यांनी आमचं नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मिसर देशाच्या दरबारात एक नर्तकी कंबर आणि पोट हलवून नाचते, असा त्यात प्रवेश आहे. ती नर्तकी मी, वैरागचा बाळासो. अण्णांनी सिगारेटच्या डब्यावरचं चित्र शिंप्याला दाखवलं आणि पोशाख शिवून घेतला. काळ्या साटीनची चोळी, घोळदार घागरा, पोटावर कातडीच्या रंगाचा तलम कपडा, कंबरेला एक पट्टा, बस्स. तो घालून गॅसबत्तीसमोर उभा राहिलो तर अण्णा स्वतःच म्हणाले, "आरं, ही कसली नर्तकी? ही तर मयताला निघाल्याली बाई दिसतीया."

मग गुलबानोचाचीला बोलावणं गेलं. लग्नाच्या ओढण्यांवर हिचं काम गावात नावाजलेलं. हिनं पोशाख उलटासुलटा पाहिला आणि मला म्हणाली, "पैले नाच के दिखा."

मी म्हटलं, आधी टिकल्या तर लाव.

"टिकल्या काय भिंतीवर लावायच्या हायत व्हय? नाचून दाव की."

दिवसभर नाचवलं हो मला! आणि ही खडू घेऊन माझ्याभोवती फिरत होती, जिथं अंग हलेल तिथं खूण करत होती. "जी जागा हालत न्हाय तितं चमक टाकून कुणाला दिसनार?" असं तिचं म्हणणं. टिकली चारी बाजूंनी ठोकून बसवायची नाही, एका कडेलाच टाका घालायचा, म्हणजे श्वास घेतला तरी ती थरथरते. साळ्यांच्या घरांतून जुन्या लुगड्यांचे जरीकाठ आणून तिनं घेरावर बसवले. कासाराकडून पितळेच्या पातळ चकत्या कापून घेतल्या आणि पट्ट्याखाली टांगल्या. बावीस दिवस लागले. पण पडदा वर गेला तेव्हा मंद्रूपच्या बाजाराला आलेली माणसं जागेवर उभी राहिली, हे तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिलं आहे.

तिची एक रीत होती, तीही ऐका. काम संपलं, की ती माझ्यादेखत एक टिकली नखात धरायची आणि हिसका देऊन तोडायची. पहिल्यांदा मी तिचा हात धरायला धावलो. तर म्हणाली, "बग. एकच आली." प्रत्येक टिकलीमागं तिची वेगळी गाठ! "एक तुटली तर एकच पडंल. तू अनवानी नाचतोस, बाळू. ढीग पायाखाली आला तर काय करशील? म्या तोडून दावल्याबिगर पोशाख अंगाला लावायचा न्हाय." एवढं बजावून ती तुटलेली टिकली पुन्हा टाका घालून बसवायची.

आता गेल्या सालचं सांगतो. बोलपट आले, आमच्या कनातीतली गर्दी ओसरली. अण्णांनी जाहीर करून टाकलं, की वैरागच्या खेळाला दुप्पट चमचमणारा नवा पोशाख येणार. आणि चाचीला सांगितलं, चार दिवसांत कर. ती म्हणाली, वीस दिवस लागतील. अण्णा म्हणाले, चार. तिनं हात जोडले आणि घरी गेली. मग तो पोशाख अण्णांनी दुसऱ्याकडून करून घेतला. त्या गरिबाचं नाव मी घेणार नाही. चार दिवसांत टिकलीगणिक गाठ कोण मारणार? त्यानं एकच लांब दोरा पळवत नेला. आणि अण्णांनी मला सांगितलं, चाचीनंच केलाय, घाल.

मी घातला. टिकली तोडून दाखव, असं म्हणायलाही मी तिच्याकडे गेलो नाही. माझं गाव, समोर माझी आई सोनाबाई बसलेली, मला घाई झाली होती. तिसऱ्या गिरकीला पट्ट्याच्या चकतीत दोरा अडकला आणि सर्रकन अर्धा घेर उसवला. टिकल्या पायाखाली आल्या आणि मी आपटलो. लोक हसले, शिट्ट्या झाल्या. ही काठी तेव्हापासूनची आहे. या पायावर आता गिरकी होत नाही.

पण पाय माझा मोडला आणि नाव मोडलं चाचीचं! दुसऱ्या दिवशी अण्णा गावभर सांगत सुटले, "म्हातारीची नजर गेली, टाके कच्चे पडले." ती ओरडून सांगत होती, तो पोशाख माझा नव्हे. कोण ऐकणार? पोशाख अण्णांच्या पेटीत आणि किल्ली अण्णांच्या कमरेला. लग्नाच्या ओढण्या तिच्या दारावरून माघारी गेल्या. सात वर्षांची असल्यापासून तिनं शिकवलेली लेक रशीदा, तिलाही कुणी काम देईना. म्हणे, आईचाच हात! आणि आज शाल घालून तोंड बंद करायचं, याला निवृत्ती म्हणायचं?

मी काय केलं? तो पोशाख पेटीत जाण्याआधीच मी बाजेवर पडल्या पडल्या उलटा करून पाहिला होता. गाठ एकसुद्धा नव्हती. मला त्याच दिवशी कळलं होतं. पण अण्णा उशाशी बसून म्हणाले, पाय बरा झाला की पुढच्या नाटकातली नायिका तूच. आणि मी अकरा महिने गप्प बसलो. पाय काही बरा झाला नाही, भूमिका दुसऱ्याला गेली आणि मग मला वाचा फुटली, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. खरं आहे ते. अण्णांइतकाच मला माझाही संताप येतो.

अण्णा, खाली बसा. व्हय, वैरागचा तो पोशाख पेटीतनं काढून आणलाय. चोरी म्हणा हवं तर.

अध्यक्षमहाराज, तुम्ही वकील आहात, पुरावा पाहिल्याशिवाय मानू नका. खुर्चीवरच्या या पोशाखाची कुठलीही एक टिकली धरा. ओढा. जोरानं! आली ना? किती? एक. आता या पिशवीतल्या पोशाखाची धरा. ओढा...

ऐकलात आवाज? मेज भरलं, जमिनीवर सांडल्या, अजून दोरा येतोच आहे. थांबू नका, साहेब, संपेपर्यंत ओढा. मागच्यांना दिसत नसेल तर उभे राहा. वैरागला मी यावरच नाचत होतो.

काय म्हणालीस, चाची? अहो, शांत व्हा जरा, ती पडद्यामागून काही बोलतेय. सज्जनहो, ती म्हणतेय, "वकीलसाबांनी तोडलेली ती टिकली हिकडं द्या. टाका घालते." पडदा सरकवा. सरकवा म्हणतो ना! ये चाची, वर ये. पोशाख उचला त्या खुर्चीवरून, तिला बसू द्या. सुई तिच्या ओढणीलाच टोचलेली आहे, रशीदा दोरा देतेय.

आता कुणी बोलू नका. फक्त बघा.

ओवली. पहिल्याच खेपेला ओवली. अण्णा, दिसली का सुई तुम्हाला?

अध्यक्षमहाशयांचे, पाहुण्यांचे आणि एवढा वेळ माझा राग सोसणाऱ्या तुम्हा सर्वांचे मी आभार मानतो. अधिकउणं बोललो असेन तर सभेनं मोठ्या मनानं क्षमा करावी. चाचीकडे मात्र ती मागायला मला तोंड नाही. ती गाठ मारतेय. तेवढी होऊ द्या, मग टाळ्या वाजवा.