सरळ रस्त्यावरचा ब्रेक

रेसिंग का सोडलं म्हणून विचारता ना? ऐका मग.

शोरूममध्ये मिळतात त्याच गाड्यांची ती राष्ट्रीय स्पर्धा. सबंध हंगाम गुणांमध्ये मी पहिली होते. म्हणून शेवटच्या शर्यतीला गावाहून, म्हसावदहून, वडिलांना, अप्पांना, बोलावून घेतलं. त्यांनी माझी शर्यत कधी पाहिलीच नव्हती.

शेवटच्या फेरीत मी सगळ्यांत पुढे होते. मागे आमच्याच टीमची दुसरी गाडी, आणि त्यात मालकांचा भाचा; गुणांमध्येही तो माझ्या जरासाच मागे. तेवढ्यात कानातल्या रेडिओवर मालक म्हणाले, "त्याला पुढे जाऊ दे. पुढच्या वर्षी गाडी हवीय ना?"

मी ब्रेक दाबला. शर्यत त्याची झाली, विजेतेपदही त्याचंच. पुढच्या वर्षी मला गाडी मिळाली नाहीच, ते जाऊ द्या.

बक्षिसं वाटून झाल्यावर अप्पा जवळ आले. जन्मभर त्यांनी साखर कारखान्यावर उसाचे ट्रक चालवलेत.

"गाडी बिघडनी व्हती का, पोरी?"

"नही, अप्पा."

"मंग सरळ रस्तावर ब्रेक कसाले मारा?"

"मालकनी सांगं. मांगे त्याना भाचा व्हता."

दुसऱ्या क्रमांकाचा कप मी पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"आनि माले इतलं लांब कसाले बलायं?"