नळी दुसऱ्या गाडीला

छातीच्या दवाखान्यातल्या बाकावर तो एकटाच बसला होता. गेल्या वर्षापर्यंत सोबतीला बायको असायची. शेजारी एक जोडपं येऊन बसलं. नवरा गाड्यांचा धूर तपासायच्या कामाला आहे, हे त्यांच्या बोलण्यावरूनच कळलं.

"नुसतं नळीत फुंकायचंय. एवढं काय घाबरता?"

"घाबरतोय कुठं? यंत्राचं काही खरं नसतं, एवढंच म्हणतोय."

"बारा वर्षं यंत्रावर बसून आज कळलं?"

"अगं, मीच तो दिवटा! ट्रक काळा धूर ओकत यायचा आणि मी नळी लावायचो शेजारच्या कोऱ्या गाडीला. कागद मात्र ट्रकच्या नावाचा."

"आणि ते ट्रक जायचे आपल्याच दारावरून."

"हो ना. वर मला हात करायचे. काय रुबाब होता माझा!"

"रुबाब! पडदे धुऊन धुऊन माझे हात गेले."

"छाती खराब निघाली तर काम सुटेल गं."

"मग तुमच्याऐवजी मी फुंकते. कोण बघतंय?"

"तू? आत्ता जिना चढताना दोनदा थांबलीस."

"मला काय धाड भरलीय? मी तर घरातच असते."

"त्याच रस्त्यावरच्या घरात ना?"

तेव्हा बाकावर एकटाच बसलेला तो माणूस पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळला.

"समोरच्या टेबलावर ताईंचंही नाव घालून मिळेल. आत्ताच जा, तुमची जागा मी धरतो. आमची हीसुद्धा घरातच असायची."