बुधवार ते शुक्रवार

बेळ्ळंदूरच्या थेरपी सेंटरमध्ये वसुमतीअक्कांची नात आत झोक्यावर होती. बाहेर अक्का रिसेप्शनवरच्या मुलीशी कन्नडमध्ये बोलल्या, तसं शेजारी बसलेलं जोडपं निर्धास्त झालं. त्या दोघांची लेकही आतच होती. लेक रडायला लागली की काय केलं, याची थेरपिस्ट मॅडमना दाखवायची आठवड्याची वही ती दोघं आत्ता बसून भरत होती, मोकळ्या आवाजात, मराठीत.

“सोमवारी काय केलं, उल्का?”

“कणीक मळायला दिली. वीस मिनिटांनी रडणं थांबलं.”

“मंगळवारी?”

“गोधडीत घट्ट गुंडाळलं, पाठ दाबली. तरी अर्धा तास लागला.”

“बुधवारी?”

“काही करावंच लागलं नाही. आपली आपण खेळत होती.”

“अरे वा! गुरुवारी?”

“तेच. शुक्रवारी तर जेवताना गात होती.”

“बघ, उपयोग होतोय. शनिवारी?”

“भरलेली बादली उचलायला लावली, भिंत ढकलायला लावली. कानांवरचे हात काढेचना.”

“आणि हा शेवटचा रकाना रिकामा का? ‘त्या दिवशी घरात वेगळं काय होतं?’ बुधवार ते शुक्रवार काय होतं वेगळं?”

“शंतनु, राहू दे ना.”

“अगं, मॅडम विचारतील. सांग.”

“तू हैदराबादला होतास.”

आतून झोक्याची कडी करकरत राहिली.

“मी काय रोज ओरडतो?”

उल्काने पेनाला टोपण लावलं.

“पेन दे.”

“नको लिहूस.”

“दे. माझ्या अक्षरात असू दे.”

नात बाहेर आली. घरी तिच्याशी मराठीच बोलणाऱ्या अक्कांनी तिला कन्नडमध्ये हाक मारली.