मेव्हण्याच्या गाडीचं दार

सकाळी रेझिन कमी पडलं म्हणून निवृत्त हेडक्लार्क आणखी एक डबा घेऊन रंगाच्या दुकानात रांगेत उभे होते. पुढचे नवराबायको हळू बोलत होते, म्हणजे अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल इतकंच.

"दादाच्या नव्या गाडीला हात लावायची काय गरज होती?"

"अगं, साचा हवा होता. त्याच्या दारावर रेझिन लावून फायबरग्लास चढवायचं, वाळलं की अलगद काढायचं. तसंच झोकदार दार आपल्या खटाऱ्याला."

"मग काढा की अलगद."

"आधी दाराला मेण लावायचं असतं, म्हणजे चिकटत नाही."

"आणि तुम्ही?"

"व्हिडिओतला तो भाग मी पुढे पळवला. फार बडबडत होता तो."

"पहार लावलीत त्याचं काय झालं?"

"साचा हलला नाही. रंग निघाला."

"दादा उद्या गाडी न्यायला येतोय. हँडल आत गाडलं गेलंय."

"पलीकडून चढेल. नाहीतर असं करू, पलीकडच्या दारावरही चढवू. दोन्हीकडे सारखं दिसलं की मुद्दाम केल्यासारखं वाटतं."

"मग तो चढणार कुठून?"

"तू त्याला आधी चहा दे. मी बघतो."

दोन डबे रेझिन आणि पुट्टी घेऊन ते दोघं बाहेर पडले.

"बोला काका, तुमचं एवढंच?" दुकानदार म्हणाला.

हेडक्लार्कांनी डबा काउंटरवर ठेवला. घसा खाकरून त्यांनी विचारलं, "ते मेण... नंतर लावलं तर चालतं का हो? जावयाची गाडी आहे."