काढा कोणी आणला?

— आणि सरळ माझ्याच दारात आलात, राजनभाऊजी! तीन वर्षांत अजमानचा रस्ता सापडला नाही तुम्हाला, आज बरोब्बर सापडला. नाही नाही, बसा. पाणी घ्या. फाइल राहू दे टेबलावर, मला वाचायची गरज नाही — हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट डेस्कवर बसून बसून आता चेहरा बघून कळतं मला. डोळे पिवळे झालेत तुमचे. संजयचे झाले होते तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, "काही नाही वहिनी, झोप झाली नाहीये त्याची." आठवतं? मला आठवतं. आणि आता त्याच्यासारखीच लिव्हरची गाठ तुम्हाला निघाली, तर डॉक्टर अजराच पाहिजेत, याच आठवड्यात पाहिजेत, आणि अपॉइंटमेंट द्यायला वहिनी पाहिजे!

आणि त्या पिशवीत काय आहे? उघडा ना. उघडू नका हवं तर, वास पुरे आहे मला. तीच ती वाळलेली मुळं आणि लाकडाच्या ढलप्या, दुबईत देऱ्यातल्या त्याच चिनी वैद्याच्या. म्हणजे तुम्ही स्वतःही सुरू केलंत! कमाल आहे. संजयसाठी माझ्याकडे आणलीत ना पुडी पहिल्यांदा, तेव्हा म्हणालात — "हे केमोच्या विरुद्ध नाही वहिनी, केमोच्या जोडीला आहे, ताकद टिकते. चीनमध्ये हॉस्पिटलात दोन्ही देतात. फक्त इथल्या डॉक्टरला सांगू नका, उगाच बंद करायला लावतील." देवासारखे वाटलात हो मला. तीन वाट्या पाण्याची एक वाटी होईपर्यंत उकळायचं, सकाळ-संध्याकाळ. खालची हव्वाबी वर येऊन विचारायची, "काय करपलं का गो?" मी म्हणायची, अद्रक उकळतेय. तिच्याशीसुद्धा खोटं बोलायची, का? तर तुम्ही सांगितलं होतं म्हणून.

बरं, ते सोडा. चुकलं असेल तुमचं, माणूस चुकतो. पण तेराव्याला सांगलीत, सगळ्या भावकीसमोर, आईंच्या शेजारी बसून काय म्हणालात? "वहिनी कसलातरी चायनीज काढा पाजायच्या, मी नको नको म्हणत होतो." नको म्हणत होतात? तुम्ही? मी आत स्वयंपाकघरात होते, ऐकलं मी. हातातलं ताट तसंच राहिलं. बाहेर येऊन तुमचं थोबाड फोडायला हवं होतं मी. नाही फोडलं. त्या दिवसापासून आईंनी माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. "माझ्या पोराला विष घातलं" म्हणतात. सुट्टीत गेलो तर दार उघडलं नाही — नात बाहेर उभी होती हो, ओट्यावर, भर उन्हात!

मिहिका! मिहिका, बाहेर ये जरा. होमवर्क नंतर. ये, बस इथे. हे राजन अंकल, बाबांचे मित्र, मुंबईपासूनचे. हो, तेच. ऐक तू आता, ते आजीला फोन करणार आहेत. करणार ना, भाऊजी? हा घ्या फोन. नंबर तुम्हाला पाठ आहे. आईंना एवढंच सांगायचं — काढा मी आणला, वहिनींना मी शिकवला, आणि तेराव्याला खोटं बोललो. तीन वाक्यं. मग देते अपॉइंटमेंट. नाही, धमकी नाही ही, व्यवहार म्हणा. एंगेज? पुन्हा लावा. मला घाई नाही, घाई तुम्हाला आहे.

काय म्हणालात? "पाजायच्या तर तुम्हीच"? हो, मीच पाजायचे! तो नको म्हणायचा, उर्मिला, उलटी होते गं, म्हणायचा — मी हनुवटी धरून पाजायचे, कारण गाठ कमी होत होती! सहा सेंटीमीटरची चार झाली होती, रिपोर्ट आहे माझ्याकडे. जांघेतून नळी घालून औषध सोडत होते ते लागू पडत होतं, का काढा लागू पडत होता — मला काय ठाऊक? मला दोन्ही हवं होतं. मग लिव्हरचे आकडे चढले, कावीळ झाली. डॉक्टर अजरांना वाटलं, आपलंच औषध झेपत नाहीये ह्याला. थांबवलं. जे लागू पडत होतं तेच थांबवलं! आणि तरी बाई हुशार, मला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेतलं, हात धरला माझा — "बहनजी, घर में और कुछ दे रही हैं क्या? काढ़ा, जड़ी-बूटी? मैं डाँटूँगी नहीं." आणि माझ्या तोंडात तुमचं वाक्य होतं, तुमचं! मी म्हटलं, "नहीं डॉक्टर, सिर्फ घर का खाना." तो गेल्यावर महिन्याभराने पुडी नेऊन टेबलावर ठेवली त्यांच्या. त्यांनी ती उघडून पाहिली. मग म्हणाल्या, "कुछ चीज़ें चलती हैं इलाज के साथ, कुछ नहीं चलतीं. मालूम होता तो देख लेती. अब किससे हुआ, कौन बताए?" तर सांगा ना भाऊजी, कोणामुळे झालं? तुमच्यामुळेच—

काय गं?

काय म्हणालीस? इंग्लिशमध्ये नको, मराठीत बोल... "यू सेड नोबडी आस्क्ड." हो. डॉक्टरांनी मला काही विचारलंच नाही, असं सांगितलं होतं तुला मी. तू अकरा वर्षांची होतीस मिहिका, काय सांगणार होते मी — अगं थांब. मिहिका. दार नको लावू. मिहिका!

...

लागला का फोन? रिंग जातेय? ठेवा. ठेवा म्हणते ना खाली! आईंना काही सांगायचं नाही. कोणालाच काही सांगायचं नाही. शनिवारी साडेनऊला या, नाव लिहिते तुमचं. ती पिशवी डॉक्टरांसमोर ठेवा — मी बघणार आहे ठेवताय का ते. पाणी राहू दे. चपला त्या तिकडे आहेत. जा आता. जा हो.