काजांची बाजू

दवाखान्यात प्लास्टरमधला हात सांभाळत बसलेल्या बाईंचे कान मागच्या बाकावर होते. तिथे एक शिंपी आणि त्याची बायको, आत गेलेल्या लेकीची वाट बघत होती.

"शर्ट खुलून दिसतोय पोरीला."

"आता दिसतोय! जन्म शिवणकामात गेला, आणि लेकीच्या पहिल्या शर्टाला काजं पुरुषांच्या बाजूला."

"अगं, वीस वर्षं मुलगा समजूनच तिचे शर्ट शिवले. जीभ वळली, हात वळायला वेळ लागला."

"ती बिचारी चकार शब्द बोलली नाही. तसाच घालून मिरवली."

"म्हणून तर मला अन्न गोड लागेना. एकदा पाडलेली काजं हलत नाहीत. पुढचे दोन्ही भाग नवे कापले."

"ते बघून ढसाढसा रडली."

"मला वाटलं, शर्ट बिघडवला म्हणून रडतेय."

"तुम्हाला कापडापलीकडे काही कळतं का? देवाचे उपकार, रडते, हसते, माझ्याशी भांडते. गेल्या वर्षी जिवाचं बरंवाईट करून घेईल म्हणून तिच्या खोलीची कडी काढून ठेवली होती आपण."

शेजारच्या खोलीतून बाईंचा नंबर पुकारला. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"सकाळी बसवली मी ती परत."

"कडी? मला न विचारता?"

"तरणीताठी लेक आहे. कपडे बदलताना आतून लावायला कडी नको तिला?"